१३बी टर्बो इंजिनाला गिअरबॉक्स जुळवताना: माझा अनुभव

माझी १९८८ सालची माझदा आरएक्स-७ ही मूळची बिनटर्बोची गाडी. तिच्या इंजिनाचे कॉम्प्रेशन गेल्यावर मी जपानहून आलेले, १९८९ किंवा त्यानंतरच्या बनावटीचे १३बी टर्बो इंजिन (माझदाचे रोटरी इंजिन, ज्यात पिस्टनऐवजी दोन त्रिकोणी रोटर फिरतात) बसवायचे ठरवले. मिशिगनमधल्या घराच्या गॅरेजमध्ये हे काम दोन हिवाळे चालले. इंजिन जागेवर बसवणे आणि वायरिंग जोडणे वेळखाऊ होते, पण खरा कस लागला तो गिअरबॉक्सच्या बाबतीत.

गाडीतला जुना गिअरबॉक्स टर्बो इंजिनाला बोल्टला बोल्ट जुळून बसतो, आणि नेमकी इथेच फसगत होते. गिअरची गुणोत्तरेसुद्धा दोन्हींमध्ये जवळपास सारखी आहेत, त्यामुळे आहे तोच चालवावा असा मोह मलाही झाला. फरक आहे तो ताकदीचा. अमेरिकेत विकल्या गेलेल्या १९८८ च्या बिनटर्बो गाडीची शक्ती १४६ अश्वशक्ती, तर १९८९ च्या टर्बोची २०० अश्वशक्ती होती. जुना गिअरबॉक्स पहिल्या हिशेबाने बांधलेला असल्याने दुसऱ्याचा भार त्याने फार दिवस सोसला नसता. टर्बो गाडीच्या गिअरबॉक्सचे दात, शाफ्ट आणि कवच सगळेच दणकट आहे. त्याचा इनपुट शाफ्ट वेगळ्या स्प्लाईनचा (म्हणजे क्लच प्लेटमध्ये अडकणाऱ्या खाचांचा) असल्यामुळे क्लच प्लेट बदलावी लागते आणि मागच्या टोकाला जुना प्रोपेलर शाफ्टही (मागच्या चाकांकडे शक्ती नेणारा दांडा) बसत नाही.

टर्बो गिअरबॉक्स कोणत्या सालचा घ्यायचा, हा पुढचा प्रश्न होता. १९८९ पासूनच्या गाड्यांत वेगमापक विजेच्या सेन्सरवर चालतो, तर माझ्या गाडीत तो केबलवर चालत असल्याने मी १९८७-८८ चा गिअरबॉक्स निवडला. १९९३ नंतरच्या आरएक्स-७ चा गिअरबॉक्स एकाने स्वस्तात देऊ केला होता. पण त्याचा क्लच ओढून सुटणारा, माझ्या पिढीच्या गाडीतला दाबून सुटणारा, शिवाय त्याला आधार देण्याची पद्धतही निराळी, म्हणून तो नाद मी सोडला.

माझी मोठी चूक फ्लायव्हीलमध्ये, म्हणजे इंजिनाच्या मागे क्लचला लागून असलेल्या जड चाकात झाली. गिअरबॉक्ससोबत विक्रेत्याने त्याच सालचे टर्बो फ्लायव्हील दिले आणि ‘टर्बोचे ते टर्बोचे’ असे सांगितले. मीही खातरजमा न करता ते चढवले. रोटरी इंजिनात रोटर एक्सेंट्रिक शाफ्टच्या (इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या) विकेंद्री भागावर फिरत असल्यामुळे त्यांचा तोल साधायला पुढे आणि मागे प्रतिभार (तोल साधणारी वजने) लागतात, आणि कंपनीच्या फ्लायव्हीलमध्ये मागचा प्रतिभार ओतीव घडणीतच सामावलेला असतो. १९८९ मध्ये माझदाने रोटर हलके केले, म्हणजे माझ्या नव्या इंजिनाला जुन्या, जड रोटरांसाठी केलेला प्रतिभार लागला होता. गाडी सुरू झाली, गिअर पडले, पण ४,००० आरपीएमच्या पुढे गिअरच्या दांड्यातून हाताला अशी थरथर जाणवू लागली की मी पहिल्याच फेरीतून गाडी परत आणली.

सगळे पुन्हा खाली उतरवले. फ्लायव्हील धरून ठेवणारा नट ५४ मिलिमीटरचा असतो आणि तो सुमारे ३०० फूट-पौंडांना आवळलेला असतो. साध्या पान्याला तो दाद देत नाही. फ्लायव्हील अडकवून, पाऊण इंची ड्राईव्हच्या दांड्याला लांब पाइप लावून तो सोडवला, तरी शाफ्टच्या निमुळत्या टोकावर घट्ट रुतलेले फ्लायव्हील पुलर लावल्याशिवाय हलले नाही. या वेळी १९८९ च्या रोटरांसाठी असलेला स्वतंत्र प्रतिभार आणि त्यावर बोल्टने बसणारे हलके पोलादी फ्लायव्हील घेतले. पायलट बेअरिंग (गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टच्या टोकाला आधार देणारे) आणि त्याचे सीलही नवे घातले. सील गिअरबॉक्सच्या बाजूला येते, हे बसवण्याआधी दोनदा तपासले.

गिअरबॉक्स चढवायला माझा मेहुणा आला होता. जॅकवर तोलून आत सरकवताना शेवटचे एक सेंटीमीटर अंतर काही केल्या मिटेना. तो म्हणाला, ‘‘दाजी, बोल्ट आवळून ओढून घेऊ या का?’’ मी ठाम नकार दिला, कारण स्प्लाईन जुळलेली नसताना बोल्टने ओढले तर क्लच प्लेटची वाट लागते किंवा कवचाला तडा जातो. गिअरबॉक्स चौथ्या गिअरमध्ये टाकून मागचे टोक हाताने जरासे फिरवले आणि जॅक केसभर खाली घेतला, तेव्हा तो आपसूक आत गेला. ‘खट्’ असा जो बारीक आवाज आला, तो ऐकून दोघांनाही हायसे वाटले.

प्रोपेलर शाफ्टसाठी दोन वाटा होत्या. टर्बो गाडीचे डिफरन्शियल (मागच्या दोन चाकांना शक्ती वाटून देणारी दातचक्रांची पेटी), ॲक्सल आणि शाफ्ट असा पूर्ण संच घ्यायचा, किंवा पुढे टर्बोचे आणि मागे मूळ गाडीचे टोक असलेला जोडशाफ्ट बनवून घ्यायचा. चांगला संच हाती न लागल्यामुळे मी जोडशाफ्ट बनवून, तोलून घेतला. डिफरन्शियल त्यामुळे जुनेच, लहान दातचक्राचे राहिले. आता साखळीतली कमकुवत कडी तीच आहे हे पक्के ठाऊक असल्याने मी बूस्ट (टर्बोने हवेला दिलेला दाब) कंपनीच्या मर्यादेतच ठेवतो आणि थांबलेल्या गाडीचा क्लच कधीही झटक्यात सोडत नाही. पूर्ण संच मिळेल तेव्हा घेणार आहे.

या गिअरबॉक्सचा पहिला गिअर ३.४८३, दुसरा २.०१५ आणि तिसरा १.३९१ आहे. म्हणजे ७,००० आरपीएमला पहिल्यातून दुसरा टाकला की इंजिन सुमारे ४,०५० वर येते आणि दुसऱ्यातून तिसरा टाकला की ४,८३० च्या आसपास. या टर्बोचा सर्वाधिक टॉर्क ३,५०० च्या सुमारास मिळत असल्यामुळे एकाही बदलात इंजिन त्याच्या खाली घसरत नाही. एप्रिलमध्ये रस्त्यावरचे मीठ धुऊन गेल्यावर मी गाडी बाहेर काढली. दुसऱ्यातून तिसरा टाकला, ॲक्सिलरेटर दाबताच बूस्टचा काटा लगेच वर आला, आणि दांड्यावरच्या हाताला थरथर जाणवली नाही.