इंग्रजीतून की वेल्शमधून?

‘हिंटरलँड’ ही वेल्समधली गुन्हेतपासाची मालिका पाहा, असे मी गेली काही वर्षे भेटेल त्याला सांगत आले आहे, आणि ऐकणाऱ्याने ते मनावर घेतले की त्याचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो: इंग्रजीतून पाहायची की वेल्शमधून? मी बहुतेक वेळा ‘वेल्शमधून’ एवढेच सांगून मोकळी होते, आणि इंग्रजी उपलब्ध असताना एक अक्षर न कळणारी भाषा कानावर घेत बसण्याची ही काय हौस, असे समोरच्या चेहऱ्यावर उमटलेले मला दिसते. तुम्ही पुन्हा विचारलेत म्हणून या वेळी कारणासकट सांगते.

आधी एक गैरसमज दूर करायला हवा. यातले एक रूप मूळ आणि दुसरे त्यावर आवाज चढवलेले, असा प्रकार नाही. केरेडिगियन या वेल्सच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या परगण्यात चित्रण करताना प्रत्येक प्रसंग दोनदा घेतला गेला, एकदा वेल्शमध्ये आणि एकदा इंग्रजीत, त्याच नटांना घेऊन. टॉम मथायस या तपास अधिकाऱ्याच्या भूमिकेतला रिचर्ड हॅरिंग्टन आणि त्याची सहकारी मॅरेड रीस साकारणारी माली हॅरिस, दोघेही दोन्ही भाषांत संवाद बोलले आहेत. एस-फोर-सी या वेल्श वाहिनीवर २९ ऑक्टोबर २०१३ रोजी ती ‘अ ग्विल’ या नावाने सुरू झाली (अर्थ साधारण कातरवेळ; शेवटच्या ‘ल’साठी जीभ ‘ल’च्या जागी ठेवून नुसती हवा सोडायची असते, आणि आपला ‘ळ’ येणाऱ्यालाही ते चटकन जमत नाही), आणि जानेवारी २०१४ मध्ये बीबीसीने वेल्समध्ये ‘हिंटरलँड’ म्हणून दाखवली. मराठी प्रेक्षकाला हा उद्योग परका वाटायचे कारण नाही. प्रभातने १९३७ साली ‘कुंकू’ मराठीत आणि तोच चित्रपट ‘दुनिया न माने’ म्हणून हिंदीत केला, तेव्हा शांता आपटे यांनी नायिका दोन्ही भाषांत उभी केली होती. तेव्हा प्रश्न अस्सल की नक्कल असा नाही, दोन अस्सलांपैकी कोणते, असा आहे.

गोष्टीची जागा आधी लक्षात घ्या, कारण भाषेचा मुद्दा तिच्यातूनच येतो. मथायस लंडन सोडून अ‍ॅबरिस्टविथ या किनाऱ्यावरच्या गावी येतो आणि गावात घर न घेता समुद्रावरच्या कड्याजवळ एका कॅरव्हॅनमध्ये राहतो. अ‍ॅबरिस्टविथला विद्यापीठ आहे, वेल्सचे राष्ट्रीय ग्रंथालय आहे, पण ते आडबाजूला किती आहे हे मला माझा भाचा कार्डिफला शिकत असताना कळले. वेल्सच्या राजधानीतून वेल्सच्याच या गावी आगगाडीने जायचे तर आधी इंग्लंडमधल्या श्रूजबरीला जाऊन तिथून वळावे लागते, कारण दक्षिणेकडून येणारा कारमार्दनचा मार्ग १९६५ मध्ये प्रवाशांसाठी बंद झाला. गावामागे मेंढ्यांची कुरणे, ओसाड माळ, जुन्या शिशाच्या खाणी आणि एकमेकांपासून लांब असलेली शेतघरे. पहिल्या कथेत रक्ताने भरलेले न्हाणीघर सापडते, माणूस सापडत नाही. नाहीशी झालेली वृद्ध स्त्री एकेकाळी डेव्हिल्स ब्रिज इथले बालगृह चालवत होती. या सैतानाच्या पुलाजवळ दरीवर एकावर एक असे तीन पूल आहेत, सर्वांत खालचा मध्ययुगीन, मधला १७५३ चा, वरचा १९०१ चा. पूल बांधून देतो, पण त्यावरून जाणारा पहिला जीव माझा, असे सैतानाने म्हणताच पलीकडे अडकलेल्या गाईसाठी आलेल्या म्हातारीने भाकरीचा तुकडा पुलावर फेकला आणि आपले कुत्रे त्यामागे धाडले, अशी दंतकथा आहे. मालिकेतले ते बालगृह मात्र इतक्या सहज कोणाला सोडत नाही. तिन्ही पर्वे, म्हणजे २०१६ पर्यंत, ते मथायसच्या मागे आहे.

अशा मुलखात तपास म्हणजे दारोदार जाऊन माणसांशी बोलणे. दार उघडले जाते, चहा विचारला जातो किंवा जात नाही, आणि उंबरठ्यावरच्या पहिल्या दोन वाक्यांत कोण कोणाला किती ओळखतो हे ठरून जाते. इथेच वेल्श आणि इंग्रजी वेगळ्या होतात. वेल्शमध्ये समोरच्याला ‘टी’ म्हणायचे की ‘खी’, हे आपल्या तू आणि तुम्हीसारखेच प्रत्येक वाक्यात ठरवावे लागते. (‘खी’मधला ‘ख’ घशातून घासून काढलेला, तो कानाला लगेच ओळखू येतो.) मित्र, लहान मूल आणि कुत्रे यांना ‘टी’, परका, वडीलधारा आणि अंमलदार यांना ‘खी’, घरात मात्र प्रत्येक कुटुंबाची रीत निराळी. देवाला पुन्हा ‘टी’च. त्यांच्या प्रभूच्या प्रार्थनेतही ‘तुझे नाव’ असेच आहे, आणि विठ्ठलाला अरे-तुरे करणाऱ्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही. इंग्रजीत या सगळ्यासाठी एकच सर्वनाम आहे. ‘सर’, ‘मिसेस’ ही संबोधने तिथेही असतात, पण ती वगळता येतात. तू आणि तुम्ही यांतून सुटका नाही, फार तर ‘बसायचं का?’ अशी पळवाट काढता येते, आणि तशी पळवाट काढणे हीसुद्धा पोलिसाच्या कामाची माहितीच असते.

मला हे इतके का जाणवते, त्याला माझा पेशा कारण आहे. मी अनेक वर्षे न्यायालयीन कागदपत्रांचे मराठीतून इंग्रजीत भाषांतर करत होते. बांधाच्या भांडणातून झालेल्या एका मारहाणीच्या प्रकरणात साक्षीदाराने सांगितले होते की आरोपी एरवी फिर्यादीला ‘अण्णा, तुम्ही’ म्हणायचा, आणि त्या संध्याकाळी पहिल्यांदा ‘तू कोण मला विचारणारा?’ असे म्हणाला. साक्षीदाराच्या मते भांडण तिथे सुरू झाले होते, काठी नंतर आली. इंग्रजीत ते वाक्य अगदी बरोबर उतरले आणि त्यातला जीव गेला. मी कंसात एक ओळ लिहून ते सांगायचा प्रयत्न केला. न्यायालयाला तिचा उपयोग झाला की नाही, मला कधी कळले नाही. ‘अ ग्विल’ पाहताना मात्र ती कंसातली ओळ कोणी लिहावी लागत नाही. खाली सबटायटल्समध्ये दोन्हीकडे तेच इंग्रजी सर्वनाम येत राहते, पण कान ‘टी’ आणि ‘खी’ वेगळे धरतो, आणि एखाद्याने मधेच एकावरून दुसऱ्यावर उडी मारली की मराठी माणूस खुर्चीत सावरून बसतो. इंग्रज प्रेक्षकाच्या हाती हे सहसा लागत नाही. आपल्या हाती ते फुकट लागते.

आता दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर माझा सल्ला अर्धवट ठरेल. वेल्श रूपात जवळजवळ प्रत्येक जण वेल्श बोलतो, आणि प्रत्यक्षात तिथे तसे नसते. २०२१ च्या जनगणनेनुसार वेल्समध्ये वेल्श बोलू शकणारे १७.८ टक्के होते आणि केरेडिगियनमध्ये ४५.३ टक्के, २०११ मध्ये तेच प्रमाण तिथे ४७.३ होते. म्हणजे या भागात पोलिसाने दार वाजवले तर आतला माणूस कोणत्या भाषेत उत्तर देईल याची खात्री नसते. इंग्रजी रूपात मधूनमधून वेल्श संवाद येतात, आणि वास्तवाच्या जवळ तेच रूप आहे हे मला मान्य करावे लागते. अडचण अशी की तिथे वेल्श आली की ती काहीतरी दर्शवण्यासाठी येते: जवळीक, शोक, किंवा परक्याला बाहेर ठेवणे. दूध किती उतू गेले, गाडी कुठे लावली, असल्या फुटकळ गोष्टींसाठी ती वापरली जात नाही, आणि जी भाषा फुटकळ गोष्टींसाठी वापरली जात नाही ती पाहुण्यांसमोर काढलेल्या चांगल्या कपबशांसारखी होते. एस-फोर-सी वाहिनी मिळावी म्हणून १९८० मध्ये ग्विनफर एव्हान्स या वेल्श राष्ट्रवादी नेत्याने आमरण उपोषणाचा इशारा दिला आणि सरकारला माघार घ्यावी लागली. १९८२ मध्ये वाहिनी सुरू झाली. ती वाहिनी भाषेला मखरात बसवण्यासाठी नव्हती, तिच्यातून हवामान आणि फुटबॉल ऐकता यावे म्हणून होती. पोलिसाने वैतागून याच भाषेत चावी शोधावी, हेही त्यातच आले.

मालिका निर्दोष नाही. मथायस वाऱ्यात उभा राहून समुद्राकडे पाहतो ते जरा जास्तच वेळा, आणि काही कथांमध्ये गुन्हेगार कोण हे पाऊण तास आधी कळते. एक भाग सुमारे दीड तासाचा आहे, तेव्हा जेवणे उरकून बसा आणि दिवे मंद ठेवा, कारण पडद्यावर उजेड फारसा नाही.

तुमच्याकडे इंग्रजीच मिळत असेल तर खुशाल तीच पाहा, नंतर वेल्श मिळाली तर पहिला भाग पुन्हा लावा. गोष्ट आधीच माहीत असल्यामुळे सबटायटल्सकडे बघावे लागणार नाही. मॅरेड कोणाच्या दारात उभी आहे ते पाहा आणि ‘खी’ येतो का, एवढेच ऐका.