रतीब आणि खाडे

९ नोव्हेंबर २०२५, रविवार. कार्तिक वद्य पंचमी. सांगली.

काल अब्दपूर्ती झाली, आज आईचं वर्षश्राद्ध. गुरुजी जेवून गेले, मग घरची पंगत झाली, दुपारी भेटायला आलेली माणसं चहा घेऊन पांगली. आत्ता रात्रीचे साडेदहा. वहिनी बाळाला घेऊन आत झोपलीय. भाऊ सकाळपासून उपाशी होता, तोही आडवा झालाय. अण्णा बाहेरच्या खोलीत कॉटवर बसून नवं कॅलेंडर चाळतायत. मी माजघरात जमिनीवर बसलेय आणि समोर आईच्या गुंडाळ्या पसरल्या आहेत.

तारखेनं अजून वर्ष व्हायचंय. आई गेली २० नोव्हेंबरला. तिथी मात्र अकरा दिवस आधीच येऊन उभी राहिली. चांद्रवर्ष ३५४ दिवसांचं असतं, हे पाठ होतं, पण त्याचा अर्थ या वर्षी कळला. श्राद्ध झालं तरी अजून अकरा दिवस मला म्हणता येईल, की गेल्या वर्षी या तारखेला आई होती. आज ताटं वाढतानासुद्धा मनात हेच चाललं होतं. कुणाला बोलले नाही.

आई जुनी कॅलेंडरं टाकायची नाही. वर्ष संपलं की सगळी पानं गुंडाळायची, पांढऱ्या दोऱ्यानं बांधायची आणि दोऱ्यात सालाची चिठ्ठी खोचायची. आमच्याकडे पहिल्यापासून कालनिर्णय. ते १९७३ साली सुरू झालं आणि आईचं लग्न १९७५ चं, म्हणजे तिच्या संसाराइतकंच जुनं म्हणायला हरकत नाही. आमचं घर गावभागात, कृष्णा इथून हाकेच्या अंतरावर. २००५ च्या पुरात खालच्या पेटीतल्या गुंडाळ्यांचा लगदा झाला. १९८३ पर्यंतच्या सगळ्या गेल्या, त्यात माझ्या जन्माचं सालही गेलं. उरलेल्या आईनं माळ्यावर चढवल्या. पुढे २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, तेव्हा कपाटातले अल्बम गेले. लग्नाचे, बारशाचे, भावाच्या मुंजीचे. फोटो एकमेकांना असे चिकटले की सोडवताना चेहरेच निघून आले. माळ्यावर गुंडाळ्या मात्र कोरड्या होत्या. त्यामुळे आमच्या घराचं जे काही लिहिलेलं उरलंय, ते या ४१ गुंडाळ्यांत आहे आणि ते दुधाच्या हिशोबात लिहिलेलं आहे.

सकाळी रतीब आला, पातेलं गॅसवर चढलं, की आई खिळ्याला लटकवलेली पेन्सिल घेऊन त्या दिवसाच्या चौकोनात आकडा लिहायची. दीड लिटरला १॥, सव्वाला १।, अर्ध्याला ०॥. तिचे वडील हळदीच्या पेठेत दिवाणजी होते, त्यांच्या चोपड्यांतले हे दंड तिनं उचलले आणि शेवटपर्यंत सोडले नाहीत. गवळी आला नाही तर ‘खाडा’. महिन्याच्या शेवटी बेरीज, खाडे वजा, पैसे दिले की गोल. त्याच चौकोनात, आकड्याच्या खाली जागा उरेल तेवढ्यात, बाकी सगळं. ‘गॅस लावला.’ ‘पापडाचं पीठ.’ ‘ताई पहिलीत. रडली नाही.’ हे जून १९८५ मधलं.

भावाच्या जन्माचं पान मी आज तिसऱ्यांदा उघडलं. ऑगस्ट १९८६. त्या आठवड्यातले दुधाचे आकडे आजीच्या थरथरत्या अक्षरात आहेत, कारण आई दवाखान्यात होती. त्याखाली नंतर आईनं भरलंय, ‘मुलगा. पहाटे ४.१०.’ पुढच्या महिन्यापासून दूध पाव लिटरनं वाढलं. १९९२ च्या फेब्रुवारीत, ‘मामंजी गेले. सकाळी ९.’ त्या दिवशी खाडा, कारण दारात आलेल्या गवळ्याला कुणी भांडंच दिलं नसावं. तेरा दिवसांनी आकडे पुन्हा सुरू, पाव लिटरनं कमी.

माझं लग्न मे २००४ मधलं. त्या चौकोनात काहीतरी लांबलचक असेल, असं मला वाटायचं. तिथं आहे, ‘ताईचं लग्न. ऊन फार.’ दुसऱ्या दिवशी पाहुण्यांमुळे ५. तिसऱ्या दिवशी ३. मग पाहुणे गेले आणि १।. त्याआधी सगळीकडे १॥ आहे. महिनाभर रोज ते सव्वा, सव्वा, सव्वा. मी पुण्याला नव्या घरात रुळत होते, आई रोज सकाळी उठून एक दंड कमी काढत होती. हे तिनं मला कधी सांगितलं नाही. एकवीस वर्षांनी पेन्सिलीच्या दंडात वाचलं. भावाचं लग्न झालं २०१४ ला, वहिनी आली आणि पुन्हा १॥. तिथं दुसरा दंड जरा जोरात ओढलाय. मला तसं दिसतंय, खरंखोटं तीच जाणे.

आता २० नोव्हेंबर २०२४, बुधवार. विधानसभेचं मतदान होतं. आईनं चिठ्ठी आणि चष्मा देवघरापाशी काढून ठेवला होता, कामं आवरून नऊला दोघं जाणार होती. साडेआठला ती ओट्यापाशी बसली ती उठलीच नाही. मी पुण्याहून पोचेपर्यंत दुपारचा एक वाजला. दिवसभर माणसं येत राहिली आणि संध्याकाळपर्यंत येणाऱ्या बहुतेकांच्या बोटाला ताजी शाई होती. माझ्या पाठीवरून हात फिरवणारे, आईच्या पायाला लागणारे, सगळे शाईचे हात. अण्णांचं बोट कोरं होतं. इतकं सगळं विसरले, हे विसरले नाही.

शेजारच्या काकूंनी कडू घास आणला, पिठलं-भात. चहासाठी त्यांनीच कुठून तरी दूध उभं केलं. तिसऱ्या दिवशी मी कॅलेंडरसमोर गेले, तर २० तारखेच्या चौकोनात अण्णांच्या अक्षरात बॉलपेननं लिहिलं होतं, ‘४ लि. शेजारून. पैसे देणे.’ बस, एवढंच. अण्णांनी त्या कॅलेंडरवर आयुष्यात पहिल्यांदा काही लिहिलं होतं, आणि ते हे. मला इतका राग आला की मी त्यांच्याशी दोन दिवस धड बोलले नाही. बायको गेली त्या दिवशी यांना दुधाचा हिशोब सुचतो, असं मी भावाला म्हणालेसुद्धा. तो काही बोलला नाही. तेव्हा मी गुंडाळ्या उघडल्या नव्हत्या. ‘मामंजी गेले’ वाचलं नव्हतं. पुढे वाचल्यावर अण्णांची माफी मागितली, तर ते म्हणाले, “अगं, तिनं विचारलं असतं की त्या दिवशी चहाचं कसं केलंत.”

दरवर्षी दिवाळीच्या पाडव्याला आई नवं कॅलेंडर आणायची आणि रोज संध्याकाळी थोडं थोडं असं जुन्यावरून नव्यावर उतरवायची. वाढदिवस तिथीनं आणि तारखेनं, दोन्ही. दर एकोणीस वर्षांनी दोन्ही पुन्हा एकाच नाहीतर शेजारच्या चौकोनात येतात, हे तिनं गुंडाळ्या उलगडूनच शोधलं होतं. भावाचं गेल्या वर्षी अडतिसाव्याला तसं आलं, तर किती खूश होती. (आईची तिथी-तारीख त्या हिशोबानं २०४३ ला एकत्र येईल.) गेल्या वर्षीचा पाडवा २ नोव्हेंबरला होता. तिला अठरा दिवस मिळाले. तेवढ्यात तिनं २०२५ चा जुलैपर्यंतचा भाग उतरवून ठेवला होता.

म्हणून हे वर्ष आम्ही तिच्या अक्षरातून चाललो. जानेवारीत वहिनीचा वाढदिवस, मार्चमध्ये माझ्या मुलीचा. संक्रांतीला तीळगूळ केला नाही, होळीला पोळी केली नाही, पण चौकोनात तिचं ‘सुगडी ५’ होतं. दूध सव्वावर आलं होतं. मी लग्न होऊन गेले तेव्हाही पाव लिटरच कमी झालं होतं.

आणि १४ जूनच्या चौकोनात एकच शब्द, ‘तारीख.’

लग्नाला दहा वर्षं झाल्यावर वहिनीला दिवस राहिले होते. दृष्ट लागेल म्हणून आईनं त्यापुढे काही लिहिलं नाही. मुलगी झाली ८ जूनला, सहा दिवस आधी. बारशाचा विषय निघाला तेव्हा घरात कुजबुज सुरू झाली. वर्षाच्या आत नको, साधेपणानं पाळण्यात घाला, नंतर बघू. बोलणारी माणसं परकी नव्हती आणि वाईटही नव्हती. अण्णा उठले, खिळ्यावरून कॅलेंडर काढलं आणि सगळ्यांच्या मधे जमिनीवर ठेवलं. “हे बघा. तिनं तारीख धरलीय.” मग कुणी काही म्हणालं नाही. बाराव्या दिवशी बारसं झालं.

आत्याचा मान माझा. ‘कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या’ म्हणत बाळ पाळण्याच्या वरून-खालून फिरलं. हा आवाज आमच्या घरात नेहमी आईचा असायचा, या वेळी विहीणबाईंचा होता. त्या मधेच अडखळल्या, त्यांच्याही डोळ्यांत पाणी होतं. मी वाकले. बाळाच्या कानाशी वावडिंगाच्या धुरीचा वास, जावळ ओलसर, कानाची पाळी इतकी पातळ की उजेड पलीकडून दिसत होता. कुर्रर्र करून नाव सांगितलं. पाठीत धपाटे पडले. एक धपाटा नेहमीपेक्षा हलका असतो, तो आईचा. तो आला नाही.

१ ऑगस्टचं पान उलटलं आणि चौकोन मोकळे. तिथून अण्णांनी सुरुवात केली. पेन्सिल घेऊन. आता दूध २ लिटर येतं, वहिनीला खीर, हळीव. पहिले काही दिवस ते ‘लि.’ लिहीत होते, मग ते गळालं. सप्टेंबरमध्ये एका दिवशी अडीच आलंय, तिथं त्यांनी २॥ काढलंय, दंड जरा वाकडे.

यंदा दिवाळीला घरी कढई चढवली नाही. फराळ अकरा घरांतून आला. बाळाची पहिली दिवाळी आणि आकाशकंदील नाही, याचं भावाला फार वाटत होतं. अण्णांनी नरकचतुर्दशीला पहाटे स्वतः पाणी तापवलं आणि म्हणाले, पोरीला उटणं लावा, तिला सुतक-बितक काही नाही. तेवढं झालं. चौकोनात आहे, ‘पोरीची पहिली अंघोळ. रडली.’

लिहिता लिहिता अण्णांनी आत्ता हाक मारली. जाऊन पाहिलं तर नव्या कॅलेंडरवर उतरवायला बसलेत. आईसारखं थोडं थोडं नाही, एका बैठकीत.

“ताई, पुढल्या वर्षी अधिक ज्येष्ठ आहे. १७ मे ते १५ जून.”

“मग?”

“मग तिची तिथी आणखी मागे जायची नाही. पुढे सरकेल. २० तारखेच्याही नंतर.” हे सांगताना त्यांना बरं वाटत होतं, ते आवाजात कळत होतं.

मग ते मे महिन्यावर परत आले. शेजारी २०२३ ची गुंडाळी उघडी होती, अधिक श्रावणाचं पान, त्यावर आईचं अक्षर. बघून बघून लिहीत होते. ‘जावई. अनारसे.’ पेन्सिल थांबली.

“तेहतीसच ना गं?”

“तेहतीस,” मी म्हटलं.