शेवाळापेक्षा सिलेंडरनं जास्त दमवलं

माशांच्या टँकमधल्या अनुबियास या पाणवनस्पतीच्या पानांच्या कडांवर काळे, आखूड, दाट केस उगवलेले दिसले तर ते ब्लॅक बिअर्ड अल्गी नावाचं शेवाळ. काचेवरचं हिरवं शेवाळ स्पंजनं पुसलं जातं, धाग्याचं शेवाळ टूथब्रशला गुंडाळून काढता येतं. हे मात्र खरवडायला जावं तर पान फाटतं आणि शेवाळ तिथंच राहतं. माझ्या दोन फुटी टँकमधून ते गेलं, पण माझी खरी पायपीट झाली ती सीओटूचा, म्हणजे टँकमधल्या झाडांना लागणाऱ्या कार्बन डायऑक्साइडचा, सिलेंडर भरून आणण्यापायी. हे शेवाळ टाळायला जो तो सांगतो, ‘सीओटू स्थिर ठेवा.’ तो पुण्यात भरून कसा मिळवायचा, हे कुणीच सांगत नाही.

आधी असलेलं शेवाळ मारण्याबद्दल. मेडिकलमधून हायड्रोजन पेरॉक्साइड आणलं. आपल्याकडे ते बहुतेक 6 टक्क्यांचं मिळतं, बाटलीवर ‘20 व्हॉल्यूम’ लिहिलेलं असतं. परदेशी लेखांतली मापं 3 टक्क्यांची असतात, म्हणून तेवढंच पाणी घालून पातळ करा. ड्रिफ्टवूड (टँकमधलं शोभेचं लाकूड) बाहेर काढलं, रंगाच्या ब्रशनं पेरॉक्साइड लावलं, काही मिनिटांनी धुऊन परत ठेवलं. एकदोन दिवसांत काळे झुबके गुलाबी झाले. हे शेवाळ मुळात लाल शेवाळांच्या जातीतलं, मरताना त्याचा लाल रंग उघडा पडतो. गुलाबी झालेलं शेवाळ अमानो कोळंब्या आवडीनं खातात, काळ्याला तोंड लावत नाहीत. फार माखलेली पानं सरळ देठापासून कापली.

पण पाण्यातला सीओटू वरखाली होत राहिला आणि तळाशी घाण साचली, की ते परत येतं. सायट्रिक अ‍ॅसिड आणि खायच्या सोड्यापासून सीओटू बनवणाऱ्या बाटल्यांवर माझा टँक चालायचा तेव्हा हेच व्हायचं: आज बुडबुड्यांची रांग, परवा काहीच नाही. म्हणून चांगला रेग्युलेटर (गॅसचा दाब आवरणारं यंत्र) आणि दोन किलोचा सिलेंडर घेतला. विकताना दुकानदार म्हणाला, “मॅडम, भरून द्यायची जबाबदारी आमची.” सिलेंडर संपल्यावर तोच म्हणाला, “आता आमचा माणूस तिकडे जात नाही. ठेवून जा, पुढच्या लॉटला बघू.” लॉट कधी, याला उत्तर नाही.

मग भोसरी एमआयडीसी. वेल्डिंगचे गॅस देणाऱ्यांकडे गेले. एकानं सिलेंडर हातात घेऊनही पाहिला नाही. दुसऱ्याकडे मोठ्या सिलेंडरखेरीज भरायची सोय नव्हती. शेवटी फायर एक्स्टिंग्विशर भरणारे एक काका भेटले. त्यांनी सिलेंडर आडवा केला, मानेवरची धूळ अंगठ्यानं पुसली आणि कोरलेले आकडे दाखवले. “ताई, याची टेस्टची तारीख कधीच उलटलीय. असा मी भरणार नाही.”

काकांवर माझा राग नाही. आत साठ-सत्तर बारचा दाब असतो, दर पाच वर्षांनी हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबानं होणारी तपासणी) हवीच. राग आहे तो विकणाऱ्यावर. मुदत संपलेला सिलेंडर त्यानं नवा म्हणून माझ्या गळ्यात मारला, आणि पावती दाखवल्यावरही “चालतं हो, कोण बघतं?” एवढंच म्हणाला. घरात, मुलांच्या खोलीशेजारी ठेवायची वस्तू आहे ही!

टेस्टिंगला दिलेला सिलेंडर परत यायची वाट बघणं फार जिवावर आलं. टँकमध्ये सीओटू नाही, आणि कापलेल्या पानांशेजारच्या पानांवर पुन्हा काळे ठिपके. त्या काळात लाइट निम्म्यावर आणला, खतं कमी केली, आठवड्याला निम्मं पाणी बदललं. सीओटू बंद असताना लाइट पूर्वीइतकाच ठेवलात तर झाडं हरतात आणि शेवाळ जिंकतं. बाटलीतलं ‘लिक्विड कार्बन’ही दुकानात सुचवलं गेलं. ते बहुधा ग्लुटाराल्डिहाइड हे जंतुनाशक असतं आणि व्हॅलिस्नेरिया ही लांब पानांची पाणवनस्पती त्यानं विरघळते. माझ्या मागच्या भिंतीला सगळी व्हॅलिस्नेरियाच आहे, म्हणून नाही घेतलं. तांबं असलेली शेवाळनाशकं तर कोळंब्या असतील तर घेऊच नका.

टेस्ट होऊन, भरून सिलेंडर आला तो उचलतानाच हलका लागला. प्रवासाच्या बॅगा तोलायचा काटा मी पर्समध्ये नेला होता, तिथंच लटकावला. रिकाम्याचं वजन मानेवर कोरलेलं असतं, त्यात दोन किलो मिळवून जो आकडा यायला हवा त्यापेक्षा बराच कमी भरला. काका काही न बोलता आत गेले आणि पुरा भरून आणला. दाबाच्या घड्याळावर विसंबू नका. आत द्रव शिल्लक आहे तोवर काटा जवळपास जागचा हलत नाही, मग एकदम खाली येतो. साध्या सिंगल स्टेज (दाब एकाच पायरीत कमी करणाऱ्या) रेग्युलेटरमध्ये त्याच शेवटच्या टप्प्यात सीओटू अचानक जास्त सुटून मासे दगावू शकतात. काटा खाली यायला लागला की सिलेंडर काढा.

आता सीओटू लाइटच्या दोन तास आधी टायमरवर सुरू होतो, लाइट सहा तास. ड्रॉप चेकर (पाण्यातला सीओटू रंगानं दाखवणारी छोटी कुपी) रोज लाइट लागताना हिरवा असतो, म्हणजे साधारण 30 पीपीएम (लिटरला 30 मिलिग्रॅम) सीओटू. निळा म्हणजे कमी, पिवळा म्हणजे माशांना धोका, आणि तो दोनेक तास उशिरा रंग बदलतो, म्हणून बघून लगेच नॉब फिरवू नका. अनुबियासची नवी पानं स्वच्छ, चकचकीत येताहेत. फार बरं वाटतं!

शेवाळ खाणारा सायामीज मासा घेणार असाल तर त्याचा काळा पट्टा शेपटीच्या पराच्या टोकापर्यंत गेलेला बघा. शेपटीआधीच थांबला असेल तर तो दुसराच मासा. दुसरा सिलेंडरही मी घेतला आहे, पैसे मोजायच्या आधी मानेवरची तारीख वाचून.