तुम्ही विचारलंत म्हणून: एकाच बागेची रेड वाईन

बाटली उलटीसुलटी करून बघत लोक हटकून विचारतात, "हे सिंगल व्हिनयार्ड म्हणजे काय? जास्त चांगली असते का?"

पहिल्याचं उत्तर सोपं. द्राक्षं एकाच बागेची. अमेरिकेत लेबलवर बागेचं नाव टाकायचं तर किमान ९५ टक्के द्राक्षं त्याच बागेची लागतात. दुसऱ्याला मी "तसं काही नाही" म्हणतो आणि समोरच्याचा चेहरा पडतो. चार बागांचा माल असला की एकीचा फिकेपणा दुसरीत झाकता येतो. इथे ती सोय नाही, एवढाच काय तो फरक.

आमच्या घरची बाग उतारावर आहे. वरच्या अंगाला खडी, पाणी ठरत नाही; मणी बारीक, साल जाड. खाली माती खोल, तिथे वेली माजतात, घड मोठे आणि रस पातळ. म्हणून वरची तोडणी आधी, खालची आठवड्यानं, आणि टाक्याही वेगळ्या. साखर मोजायला यंत्र आहे, पण बाबा मणी तोंडात टाकतात, साल चावत राहतात आणि बी तळहातावर काढून बघतात. हिरवी असली तर मुकाट्यानं घरी. तपकिरी असली आणि दाताखाली कडकन फुटली, तर उद्या कात्र्या काढायच्या.

रंग येतो तो सालीतून. बहुतेक काळ्या द्राक्षांचा रस नुसता पिळला तर जवळजवळ बिनरंगीच निघतो. आंबायला लागलं की साली सायीसारख्या वर येतात, पण ही साय इतकी घट्ट की दांड्यानं खाली दाबताना खांदे भरून येतात. रात्रीची पाळी माझी. (वास घ्यायला टाकीत वाकायचं नाही. आत कार्बन डायऑक्साइड साचलेला असतो.)

मग पिंपं. २२५ लिटरच्या पिंपाच्या साधारण ३०० बाटल्या होतात. चांगल्या वर्षी आमची नऊ पिंपं भरतात. लाकडातून वाईन थोडी थोडी उडते, ती तूट भरायलाही त्याच बागेची वाईन लागते, म्हणून काही काचेच्या बरण्यांत राखून ठेवतो.

एका वर्षी ऐन तोडणीच्या तोंडावर पाऊस आला. मणी फुगले, फुटले, बराच माल टाकावा लागला. पुढे बाबांनी पिंपातली चव घेतली, काही न बोलता ग्लास धुतला आणि सगळी वाईन बिननावाच्या साध्या रेडमध्ये ओतली. मी भांडलो. ते वर्षही त्याच बागेचं होतं ना!

सहा बाटल्या मी आधीच लेबलाविना भरून घेतल्या होत्या. दोन उरल्यात. पातळ आहे, आंबट आहे. पण घोट गिळल्यावर वरच्या अंगाच्या द्राक्षांचा तो खरखरीत तुरटपणा जिभेवर येतोच, आणि चांगल्या वर्षांत तो इतका स्वच्छ मला कधी लागलेला नाही.