न फाडलेला फर्मा

सोलापुरात साखर पेठेत माझं बाइंडिंगचं दुकान आहे. गेल्या पावसाळ्यात एका कॉलेजच्या ग्रंथालयातून दोन पोती जुनी पुस्तकं बांधणीला आली. खळीत मोरचूद कालवलं, सुई ओवली आणि पहिलंच पुस्तक हाती आलं ते हंदिकींचा यशस्तिलकावरचा जाडजूड इंग्रजी ग्रंथ. साल १९४९. खाली छापलेलं, सोलापूर. लेखक आसामचे, विषय दहाव्या शतकातल्या सोमदेवसूरींचा संस्कृत ग्रंथ, आणि छापवून घेतलं आपल्या गावानं!

त्याच पोत्यात जीवराज जैन ग्रंथमालेचे आणखी खंड होते. एकाच्या सुरुवातीला जीवराज गौतमचंद दोशींची हकीकत होती. सुई बाजूला ठेवून वाचत बसलो.

धंद्यातून अंग काढून घेतलेला हा ब्रह्मचारी माणूस. १९४० साली त्यांच्या मनानं घेतलं, की न्यायानं मिळवलेला पैसा धर्माच्या नि समाजाच्या कामी लागावा. पण लगेच देऊन मोकळे झाले नाहीत. देशभर हिंडले, जैन विद्वानांची मतं तोंडी घेतली, लेखी घेतली. हा पैसा नेमका कुठं लावू? १९४१च्या उन्हाळ्यात नाशिकजवळ गजपंथाच्या जैन तीर्थावर विद्वानांना बोलावून बसवलं. त्यातून जैन संस्कृती संरक्षक संघ उभा राहिला, ही ग्रंथमाला त्याचीच. आधी ३०,००० रुपये दिले, १९४४मध्ये जवळपास दोन लाखांची सगळी मिळकत. १९५७च्या जानेवारीत समाधिमरण, म्हणजे जैन रीतीनं अन्नत्याग करून स्वीकारलेलं मरण.

देणगीदारांच्या नावांच्या पाट्या मी पुष्कळ पाहिल्यात. देण्याआधी गावोगाव विचारत फिरलेला शेटजी मला पहिल्यांदाच भेटला. आणि मालेचं पहिलं पुस्तक कोणतं, तर जैनांच्या विश्वरचनेवरचं, प्राकृतातलं ‘तिलोयपण्णत्ती’. पहिला भाग १९४३चा, म्हणजे महायुद्धातल्या ऐन कागदटंचाईतला. कागदाचा भाव रोज पाहणाऱ्या माझ्यासारख्याला याचं मोल वेगळं सांगावं लागत नाही.

हंदिकींचा ग्रंथ उसवायला घेतला तर मधल्या एका फर्म्याची, म्हणजे छापील कागद दुमडून केलेल्या पानांच्या जुडीची, वरची घडी तशीच. पानं कुणी फाडलीच नव्हती. इतकी वर्षं तिथपर्यंत कुणी पोचलंच नव्हतं. पोटात कालवलं. हाडाच्या पट्टीनं एकेक घडी हलक्या हातानं उघडली, मग जुजबंदी, म्हणजे फर्म्याला फर्मा जोडत जाणारी, शिवण घातली. समास जायला नको म्हणून कटिंगला लावलं नाही.

कॉलेजनं पुठ्ठ्याच्या पाठीवर फक्त नाव नि नंबर सांगितला होता. मी खाली सोनेरी अक्षरांत एक ओळ वाढवली, सोलापूर, १९४९. तिचे पैसे लावले नाहीत.