फूत्कार नव्हे, श्वास

जानेवारीतल्या एका सकाळी पुण्यातील माझ्या दवाखान्यात अभियांत्रिकीचा एक विद्यार्थी आणि त्याचे वडील थर्मोकोलची पेटी घेऊन आले. पेटीत कापडी पिशवी होती आणि पिशवीत 1,400 ग्रॅम वजनाचा बॉल पायथन. (आपल्याकडचा अजगर किंवा धामण घरात पाळणे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे; हा साप आफ्रिकेतला, आणि केंद्र सरकारच्या ‘परिवेश’ पोर्टलवरील त्याच्या नोंदणीचा कागद मी आधी पाहून घेतला.) साप तीन आठवड्यांपासून रागीट झाला आहे, सतत फूत्कारतो आणि उंदीर खात नाही, अशी तक्रार होती. “डॉक्टर, डूक धरल्यासारखा वागतोय,” वडील म्हणाले. भीतीपोटी मुलाने त्याला हात लावणेही बंद केले होते.

फूत्कार हा इशारा असतो. समोरचा दूर झाला की तो थांबतो. म्हणून मी सापाला टेबलावर टॉवेलवर ठेवले, दिवा मालवला आणि आम्ही तिघे मागे सरून दहा मिनिटे गप्प बसलो. आवाज थांबला नाही. प्रत्येक श्वासाबरोबर बारीक शिट्टी वाजत होती आणि साप मान ताणून, हनुवटी वर धरून बसला होता. डाव्या नाकपुडीवर मोहरीएवढा बुडबुडा फुगला, फुटला आणि पुन्हा फुगला.

“काका, हा राग नाही. त्याला श्वास पुरत नाहीये.”

जबडा अलगद उघडला. सापाच्या श्वासनलिकेचे मुख तोंडाच्या तळाशी, अगदी पुढे असते आणि श्वासासरशी उभ्या फटीसारखे उघडते. त्या फटीच्या कडा लालसर होत्या आणि त्यांच्यामध्ये पांढुरक्या कफाची तार ताणली जात होती. सापाला आपल्यासारखा श्वासपटल नसतो, त्यामुळे खोकून कफ बाहेर टाकणे त्याला जमत नाही. लांबट फुफ्फुसाच्या पिशवीसारख्या मागच्या भागात तो साचत जातो, आणि मान वर करणे एवढाच उपाय त्या जिवाच्या हाती उरतो.

मी मुलाला टाकीचे फोटो दाखवायला सांगितले. थर्मोस्टॅटवर 32 अंश दिसत होते, पण त्याचा सेन्सर तळाच्या हीट मॅटला चिकटवलेला होता. म्हणजे तो आकडा काचेचा होता, हवेचा नव्हे. संध्याकाळी घरी जाऊन त्याने मोजले तेव्हा टाकीतली हवा 21 अंश भरली. शिवाय ओलाव्यासाठी तो रोज पाणी फवारत होता. थंड आणि दमट हवेत सापाची प्रतिकारशक्ती मंदावते आणि एरवी गप्प असणारे जंतू फुफ्फुसात बळावतात.

निर्जंतुक सलाइन बारीक नळीने श्वासनलिकेत सोडून परत ओढून घेतले आणि तो नमुना तपासणीला पाठवला. 2014 मध्ये बॉल पायथनमध्ये नोंदवलेल्या नायडोव्हायरसची शंका मनात होतीच, कारण त्यावर औषध नाही. मात्र या घरात दुसरा साप नव्हता आणि नवा आणलेलाही नव्हता. अहवालात सूडोमोनास हा जिवाणू आला. तोवर सेफ्टाझिडिम हे प्रतिजैविक सुरू केलेच होते: किलोमागे 20 मिलिग्रॅम, म्हणजे याला 28, दर 72 तासांनी, शरीराच्या पुढच्या एक-तृतीयांश भागातील स्नायूंत. जोडीला सलाइनची वाफ आणि टाकीत सिरॅमिक हीटर. उबेशिवाय नुसते इंजेक्शन टोचत राहणे मला कधीच पटलेले नाही, कारण सापाच्या अंगात औषधाचे काम त्याच्या तापमानावर अवलंबून असते.

मुलाची परीक्षा सुरू झाली, तेव्हा पिशवी घेऊन वडील एकटे येऊ लागले. डूक धरल्याचे बोलणारे तेच गृहस्थ आता पिशवीची गाठ स्वतः सोडत आणि सापाचे डोके हाताच्या ओंजळीत टेकवून धरत. सातव्या इंजेक्शनाच्या दिवशी त्यांनी खिशातून छोटी वही काढली. तीत रोजच्या तीन नोंदी होत्या, टाकीच्या उबदार आणि गार अशा दोन्ही बाजूंच्या. आदल्या रात्रीची ओळ त्यांनी बोटाने दाखवली: “रात्री 11. उबदार बाजू 31, गार बाजू 27. कान लावून ऐकले. आवाज नाही.”