आबालाल रहिमान यांच्या कोल्हापुरात

टाऊन हॉल म्युझियममध्ये बहुतेक पाहुणे ब्रह्मपुरीच्या वस्तूंपाशी रेंगाळतात. साहजिकच आहे. पंचगंगेकाठच्या त्या टेकाडात ग्रीक समुद्रदेव पोसायडनची छोटी कांस्यमूर्ती सापडली, १९४५-४६ साली तिथं रीतसर उत्खनन झालं. समुद्रापासून इतक्या आत समुद्रदेव कसा पोचला, या विचारात माणूस अडकतोच. मी मात्र या खेपेला थेट चित्रांकडे गेले. मला कोल्हापूरचे जुने चित्रकार आबालाल रहिमान बघायचे होते, आणि त्यांच्यावर जीव असलेली माणसं भेटावीत, एवढ्याचसाठी कोल्हापूर गाठलं होतं.

चित्रांपुढे उभं राहिल्यावर पहिल्यांदा जाणवतो तो त्यांचा शांतपणा. जलरंगात पाणी रंगवणं फार अवघड. कागदाचा पांढरेपणा नेमका कुठं मोकळा सोडायचा हे आधी ठरवावं लागतं, नंतर दुरुस्तीला वाव नसतो. आबालालांच्या निसर्गचित्रांत ही घाई, ही धास्ती कुठंच दिसत नाही. काठावरचं देऊळ, त्याचं थरथरतं प्रतिबिंब, मागं विरत गेलेली झाडी. ब्रश कुठं थांबला आणि पाण्यानं आपलं आपण काम कुठं केलं, हे शोधत मी बराच वेळ उभी होते. तिथल्या एका कर्मचाऱ्यानं ते पाहिलं असावं. ते जवळ येऊन म्हणाले, "ताई, जरा लांबनं बघा. मग उजेड दिसतोय." मी चार पावलं मागं सरले. खरंच दिसला.

आबालालांचं मूळ नाव अब्दुल अजीज. घरात अरबी-फारसीचा अभ्यास, कुराणाच्या हस्तलिखित प्रती तयार करण्याचं, सजवण्याचं काम. बारीक रेषेवरची त्यांची हुकमत तिथूनच आली, असं कोल्हापुरातली जुनी चित्रकार मंडळी सांगतात, आणि मला ते पटतं. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये ते १८८०च्या दशकात शिकले. १८८८ साली त्यांना रेखाटनासाठी व्हाइसरॉयचं पदक मिळालं. असं पदक गाठीशी असलेल्या माणसाला मुंबईत संस्थानिकांची, पारशी धनिकांची व्यक्तिचित्रं करून सुखानं राहता आलं असतं. ते कोल्हापूरला परत आले. १८९४ मध्ये गादीवर आलेल्या शाहू महाराजांनी त्यांना दरबारचा आश्रय दिला. शिकारीला जाताना महाराज त्यांना बरोबर नेत, ही आठवण कोल्हापुरात कुणीही सांगतं. पण हा माणूस राहिला तो कोटितीर्थ तळ्याच्या काठी, फकिरासारखा.

म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी कोटितीर्थावर गेले. रिक्षावाल्याला नुसतं 'कोटितीर्थ' म्हटलं तर त्यानं मान हलवली, "शाहू मिलजवळचं न्हवं?" राजर्षींनी १९०६ साली सुरू केलेली ही कापडगिरणी बंद पडून बरीच वर्षं झाली, तरी या भागाचा पत्ता अजून तिच्याच नावानं सांगतात. आबालालांच्या काळी इथं गावाची हद्द संपून शेतं सुरू होत असणार. आज चहूबाजूंनी घरं, गॅरेज आणि वर्कशॉप आहेत. तळं आहे. महादेवाचं देऊळही आहे. पाण्यावर हिरवट साय धरलेली होती आणि एका कोपऱ्यात निर्माल्याच्या प्लॅस्टिक पिशव्या साचलेल्या. तरीही सकाळच्या तिरप्या उन्हात देवळाची सावली पाण्यात पडली, तेव्हा हा माणूस इथं का राहिला असेल ते कळलं. दाराबाहेर पाऊल टाकलं की विषय समोर. ऋतू बदलला की तोच विषय नवा.

देवळाच्या पायरीवर बसलेल्या एका आजींना विचारलं, इथं एक चित्रकार राहायचे म्हणे. त्या म्हणाल्या, "आबालाल व्हय? माझी सासू सांगायची. त्यांच्या दारात फुलझाडं लय होती म्हनं." बस, एवढंच. चित्रांबद्दल त्यांना काही ठाऊक नव्हतं. आबालालांना जाऊन नव्वदहून जास्त वर्षं झाली (२८ डिसेंबर १९३१), आणि या काठावर त्यांची फुलझाडं अजून एका सासूच्या तोंडून सुनेकडे आलेली आहेत. मला ही आठवण कुठल्याही पदकापेक्षा मोलाची वाटली.

शुक्रवार पेठेतल्या एका घराची ओळख मला पुण्यातल्या एका मैत्रिणीनं करून दिली होती. त्या कुटुंबाकडे आबालालांचं म्हणून जपलेलं एक छोटं चित्र आहे. घरातले आजोबा ऐंशीच्या पुढचे. "या, बसा की. आधी चहा, मग चित्र," असं म्हणून त्यांनी मला पाऊण तास नुसतं बोलण्यात गुंतवलं. चित्र त्यांच्या वडिलांनी जुन्या सामानाच्या विक्रीत घेतलं. "खरं सांगू का? फ्रेम सागवानी होती म्हणून घेतलं. आत काय आहे ते कुणी बघितलं नव्हतं." पुढं कधीतरी घरी आलेल्या एका ड्रॉइंग मास्तरांनी ते पाहिलं आणि पायातल्या चपला काढून हात जोडले. त्या दिवसापासून घरात त्या चित्राला 'मास्तरांचा देव' म्हणतात.

चित्र आतल्या खोलीत, खिडकीपासून लांबच्या भिंतीवर आहे. हातभर रुंदही नसेल. संध्याकाळची वेळ, पाणी, काठावर दोन बायका. त्यावर सही नाही. ते आबालालांचंच आहे हे कशावरून, असं मी जरा भीतभीतच विचारलं. आजोबांना राग आला नाही. "मास्तर म्हणाले म्हणून. आणि साठ वर्षं मी रोज बघतोय म्हणून." संग्राहक म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर लिलाव आणि किमती येतात. इथं एका माणसानं एकाच चित्राबरोबर आयुष्य काढलं होतं. त्यातल्या दोन बायकांपैकी डावीकडची थोडी थकलेली आहे, हे मला त्यांनी दाखवेपर्यंत दिसलं नव्हतं.

२०१९च्या महापुराचा विषय त्यांच्या सूनबाईंनी काढला. त्या ऑगस्टमध्ये पंचगंगेनं राजाराम बंधाऱ्यावर ५५ फुटांची पातळी ओलांडली. धोक्याची पातळी तिथं ४३ फूट आहे, आणि शुक्रवार पेठ नदीच्या अगदी उशाशी. "पाणी जोत्याला लागलं तेव्हा मामंजी म्हणाले, दागिने राहू देत, आधी चित्र वर न्या." चादरीत गुंडाळून ते माळ्यावर नेलं. पाण्यापासून वाचलं. पण नंतरच्या दमटपणानं आकाशाच्या भागात तपकिरी ठिपके उठले आहेत. जुन्या कागदाला ओल लागली की बुरशी असे ठिपके पाडते. शिवाय चित्रामागं लावलेला स्वस्त पुठ्ठा स्वतःतलं आम्ल कागदात सोडत राहतो, तो वेगळाच. उजेडानंही जलरंग फिके पडतात, म्हणून जगभरातली संग्रहालयं त्यांच्यावर ५० लक्सहून (लक्स हे उजेड मोजायचं एकक) जास्त उजेड पडू देत नाहीत. आपल्या घरातल्या साध्या ट्यूबलाइटखालीही त्याच्या दुपटीहून जास्त उजेड सहज असतो. मी जाणकार नाही, पण पुठ्ठा बदलून आम्लविरहित बोर्ड लावायला आणि ते काम कागदाच्या जतनाचं शिक्षण घेतलेल्या माणसाकडूनच करून घ्यायला मी त्यांना कळकळीनं सांगितलं. सूनबाईंनी ते लगेच वहीत लिहून घेतलं.

संध्याकाळी रंकाळ्यावर एका निवृत्त चित्रकला शिक्षकांना भेटले. त्यांनी बोलावलं होतं ते संध्यामठ दिसेल अशा जागी. तळ्यातला तो दगडी मंडप पाणी उतरलं की उघडा पडतो आणि पावसाळ्यात बुडतो. आबालालांनी तो रंगवला, आणि तेव्हापासून कोल्हापुरात चित्रकला शिकणारा प्रत्येक मुलगा-मुलगी इथं बोर्ड घेऊन बसतात. सर सांगत होते, "आम्हाला आमच्या गुरुजींनी आणलं, त्यांना त्यांच्या गुरूंनी. आबालालांनी वर्ग कधी भरवला न्हाई. हाच त्यांचा वर्ग." आनंदराव आणि बाबूराव पेंटर, दत्तोबा दळवी, बाबा गजबर, रवींद्र मेस्त्री ही कोल्हापूरच्या चित्र-शिल्पपरंपरेतली नावं सर एका दमात घेतात, आणि सुरुवात आबालालांपासून. बाबूरावांची थोरवी सगळ्यांना माहीत आहे. स्वतः कॅमेरा बनवून चित्रपट काढणाऱ्या त्या माणसासाठी खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचं स्मारक उभं आहे. आबालालांसाठी संध्यामठ पुरेसा आहे, असं सरांचं म्हणणं. मला ते तितकंसं मान्य झालं नाही, आणि मी तसं सांगितलं.

आमचा थोडा वाद झाला तो दुसऱ्याच गोष्टीवरून. १९२२ साली शाहू महाराज गेले, तेव्हा दुःखानं आबालालांनी आपली हजारो चित्रं कोटितीर्थात सोडली, अशी दंतकथा कोल्हापुरात आहे. सरांना ती प्राणप्रिय आहे. ती सांगताना त्यांचा आवाज बदलला. मला ती कथा ऐकायला आवडली, पण तिनं एक नुकसान केलंय असं वाटतं. सगळं पाण्यात गेलं म्हटलं की शोधायचं काही उरतच नाही. उलट चित्रं आहेत. म्युझियममध्ये आहेत, वाड्यांमध्ये आहेत, कुणाच्या माळ्यावर सागवानी फ्रेममध्ये आहेत. सर बराच वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "मला चार घरं ठाऊक हाईत. पण ती माणसं दाखवत न्हाईत. चोरीची भीती वाटते." ही भीती खरी आहे, तिला नावं ठेवण्यात अर्थ नाही.

रावणेश्वर बघायला मला सरांनीच पाठवलं. आबालालांनी रंगवलेल्या जागांपैकी ही एक. ते तळं आता नाही. ते बुजवलं आणि तिथं शाहू स्टेडियम झालं. वरुणतीर्थाचं गांधी मैदान झालं, कपिलतीर्थावर भाजी मंडई बसली, तसंच हे. मी पोचले तेव्हा आत फुटबॉलचा सामना चालू होता आणि बाहेर पेठापेठांतल्या तालीम मंडळांच्या पोरांचा जल्लोष. कोल्हापूरचं फुटबॉलवेड मला मनापासून आवडतं, त्यामुळे तळं गेल्याची हळहळ आणि त्या गर्दीचा आनंद दोन्ही एकदमच वाटलं. शेजारच्या देवळात महादेव तेवढा जुन्या जागी आहे. पाणी कुठपर्यंत होतं हे विचारलं तर पुजाऱ्यांनी हात लांब करून गॅलरीकडे दाखवलं. या शहराच्या हरवलेल्या पाण्याचा पुरावा म्हणूनही आबालालांची चित्रं बघायला हवीत. कुठल्या काठाला किती पायऱ्या होत्या, झाडी कसली होती, नगररचनेच्या नकाशात हे सापडत नाही.

निघायच्या आधी राजारामपुरीतलं चंद्रकांत मांडरे कलासंग्रहालयही पाहिलं. नट म्हणून गाजलेल्या चंद्रकांतांनी (१९१३-२००१) आपलं राहतं घर चित्रांसह सरकारला दिलं. पावडर शेडिंगमधली त्यांची निसर्गचित्रं तिथं ओळीनं लावलेली आहेत. पेन्सिलीची पूड बोटानं नि कापसानं कागदावर फिरवून धुकं कसं आणलंय, ते जवळून बघण्यासारखं आहे. इथं मला आबालालांची फार आठवण झाली. एका चित्रकाराचं सगळं एका छपराखाली, नोंदीसकट. दुसऱ्याचं गावभर विखुरलेलं, आणि त्याची नोंद दोन-चार म्हाताऱ्या माणसांच्या डोक्यात.

दर हिवाळ्यात टाऊन हॉलच्या बागेत 'रंगबहार' संस्थेची 'मैफल रंगसुरांची' भरते. आबालालांच्या आणि बाबूरावांच्या स्मरणार्थ चित्रकार तिथं झाडाखाली बसून चित्रं काढतात, शिल्पकार मातीत काम करतात, आणि बाजूला गाणं चालू असतं. सर दरवर्षी जातात. त्यांच्या मनात आता असं आलंय की त्या दिवशी बागेत एक टेबल मांडावं. ज्यांच्या घरी आबालालांचं चित्र आहे त्यांनी ते आणू नये, फक्त फोटो आणावा. समोरून एक, मागून एक. मागच्या पुठ्ठ्यावर फ्रेमवाल्याचं लेबल, कुणाची सही, एखादी तारीख असते, आणि चित्र कुणाकडून कुणाकडे गेलं ते त्यावरूनच कळतं. सोबत घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाला जे आठवतं ते एका पानावर लिहून आणावं. घराचा पत्ता द्यायची सक्ती नाही.

शुक्रवार पेठेतल्या सूनबाईंना मी हे फोनवर सांगितलं. त्यांनी मामंजींचं बोलणं मोबाइलवर रेकॉर्ड करायला सुरुवातही केली आहे. मुंबईत, पुण्यात, बेळगावात राहणाऱ्या, मूळच्या कोल्हापूरच्या घरांमध्येही अशी चित्रं असणार. कुणाच्या आजोळी भिंतीवर तळ्याकाठच्या देवळाचं जुनं जलरंगी चित्र असेल, तर आधी ते उन्हातून हलवा, काचेला स्वतः हात घालू नका, आणि घरातल्या मोठ्यांना विचारून ठेवा ते कुठून आलं.